एक खड्डा सोडून

आमच्या घरात तळघर हा शब्द कुणी वापरत नाही. घरातल्या जिन्यानं काही पायऱ्या खाली उतरलं की लागणाऱ्या त्या लांबट खोलीला सगळे कारखाना म्हणतात. सासऱ्यांच्या हयातीत तिथं हातमाग होते. सुती धाग्याला कोरडी हवा सोसत नाही, सारखा तुटतो, म्हणून त्या काळी मागाची खोली मुद्दाम अर्धी जमिनीत बांधली. सोलापूरच्या उन्हाळ्यात वर पंखा गरम वारा फेकत असतो तेव्हाही खाली गार असतं. माग विकून जमाना झाला. नंतर त्या खोलीत आमच्या घरानं टाकवत नाही ते सगळं ठेवलं. मोडका पाळणा, दोन कूलर, लग्नात आलेली नि कुणी कधीच न वापरलेली भांडी, आणि पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपांची रांग.

ही खोली राहण्यासारखी करायची हे माझ्या डोक्यात आलं ते आईमुळे. वडील गेल्यापासून आई वेळापूरला एकटी. मी एकुलती एक. तिचे गुडघे गेलेले, पण तोंडानं कधी ते कबूल करायची नाही. मांडी घालता येत नाही आणि फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून पडवीच्या कडेला बसून, पाय अंगणात सोडून सगळी कामं उरकायची. एक दिवस न्हाणीत पडली. शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून बरं, नाहीतर दार फोडायला मी सोलापूरहून पोचेपर्यंत काय झालं असतं हा विचार मला अजून करवत नाही.

मी तिला आणायला गेले. ती आली, चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. दर वेळी असंच व्हायचं. आमच्याकडे असताना ती पाहुण्यासारखी वागायची. चहा दिला तर प्यायची, मागायची नाही. जेवताना दुसरी पोळी नको म्हणायची. माझ्या नवऱ्याची चाहूल लागली की डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात सरकायची. नवरा बिचारा स्वतःच्याच घरात खोकून आत यायचा. मी चिडले की म्हणायची, "जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं न्हाय मला."

एकदा मी म्हटलं, निदान काठवट तरी आणून ठेव इथं. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. वडिलांनी बाभळीच्या लाकडातून करून घेतलेली, मधे झिजून चकचकीत झालेली. आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिचं घर विकायला सांगितलं. "काठवट हाय तितं माझी चूल हाय," म्हणाली. विषय संपला. कपडे, औषधं, चष्मा सगळं सोलापूरला यायचं नि परत जायचं. काठवट वेळापूरच्या भिंतीला टेकून उभी असायची.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. मार्चअखेरीला मी लोकांना खाऊ का गिळू करते असं माझे सहकारी म्हणतात, आणि ते खोटं नाही. एखादी गोष्ट मनात बसली की ती मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका रविवारी कारखान्यात पिंप हलवताना लक्षात आलं की आमच्या घरामागचा बोळ उताराला आहे. समोरून ती खोली जमिनीत असली तरी मागून ती बोळाच्या जवळजवळ बरोबरीला येते. मागच्या भिंतीत दार पाडलं तर पायऱ्याच नकोत. आईला आमच्या उंबऱ्यातून यावंच लागणार नाही. तिचं दार वेगळं, तिची चूल वेगळी. मग कसलं जावयाचं घर? मी पिंप तिथंच सोडून वर आले आणि नवऱ्याला झोपेतून उठवलं.

घर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांना विचारणं भाग होतं. आमचं लग्न दोघांनी ठरवून केलेलं. मी माळशिरस तालुक्यातली, हे लोक तेलुगू बोलणारे विणकर. सासूबाईंनी मला सून म्हणून स्वीकारायला थोडा वेळ घेतला होता, आता माझ्या आईलाही घरात घ्या म्हणायचं म्हणजे मला धाकधूक होती. मी दोन दिवस वाक्यं जुळवली. त्या शेंगा सोलत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वेगळं दार पाहिजे म्हणते ते बरोबर आहे की. मी पण पोरीकडं जाते तर चार दिवसावर राहत नाही." आणि शेंगा सोलत राहिल्या. जुळवलेली वाक्यं सगळी वाया गेली.

मग मिस्त्री आला. नवरा सात रस्त्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहे, तिथल्या मालकाचं घर यानंच बांधलेलं. माणूस हसतमुख, पण स्वप्नं फार मोठी. खोली बघताबघता त्यानं छताला फॉल्स सीलिंग लावलं, एका भिंतीवर टीव्हीसाठी लाकडी काम केलं, कोपऱ्यात रंगीत दिवे सोडले. सगळं तोंडानं. मी म्हटलं, ही खोली माझ्या आईसाठी आहे, ती टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघते. तो म्हणाला, "भाभी, तुमी फक्त बजेट बोला की. मी बसवतो सगळं."

बजेट म्हणजे माझं मुदत संपत आलेलं रिकरिंग आणि नवऱ्याला त्या वर्षी लागणार असलेली भिशी, मिळून चार लाख. मिस्त्रीचा पहिला आकडा सहाच्या पुढं गेला. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जेवताना दुसरं काही बोलणंच नव्हतं. ओल काढून वॉटरप्रूफिंग करायचं ते सोडता येत नव्हतं, कारण बोळातलं पावसाचं पाणी भिंतीला लागतं. संडास-बाथरूम हवंच, आणि तिथं घसरणार नाही अशी फरशी हवी. टाईल्स यादीतून काढल्या, त्याऐवजी शहाबादी घेतली, स्वस्त आणि पायाला गार. सीलिंग गेलं, टीव्हीची भिंत गेली, रंगीत दिवे तर आलेच नव्हते.

तरी आकडा बसेना. सगळ्यात मोठा खर्च होता मागच्या दाराचा. जुनी दगडी भिंत फोडायची म्हणजे आधी वरचा भार टेकू लावून धरायचा, मग बीम टाकायचा, मग चौकट. मिस्त्रीनं सरळ सांगितलं की दार सोडा, आतून जिना आहेच, त्या पैशात अख्ख्या खोलीचा गिलावा नि रंग होतो. नवऱ्यालाही ते पटलं. त्या दिवशी मी दोघांवर जे काही तोंड सोडलं ते लिहिण्यासारखं नाही. दार नसेल तर ही खोली करूच नका, पिंपं ठेवा परत, असं म्हणून मी वर निघून गेले. मागून नवरा आला. चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "दार राहू दे. रंग आपण दोघं लावू." त्या माणसावर मला किती जीव लावावासा वाटतो हे मी त्याला सहसा सांगत नाही. तेव्हाही सांगितलं नाही, फक्त साखर कमी आहे म्हणाले.

एका गोष्टीवर मात्र मी पैसे कमी केले नाहीत, ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आईनं जन्मभर खाली वाकून, धुरात स्वयंपाक केला. आता तिच्या वाट्याला काळाभोर ग्रॅनाइटचा ओटा यावा, वर स्टीलचं सिंक, खाली डबे ठेवायला कप्पे. मी स्वतः दगड निवडायला गेले, हात फिरवून बघितला. मिस्त्रीनं उंची किती ठेवायची विचारलं तेव्हा मी माझ्या कमरेशी हात धरला.

आता राहिले खड्डे. कारखान्याच्या जमिनीत मागाचे दोन खड्डे होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जुना हातमाग जमिनीच्या पातळीवर असायचा आणि विणणारा माणूस खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडायचा. आत पावड्या असायच्या, त्या पायानं आळीपाळीनं दाबायच्या. हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. एक खड्डा सासऱ्यांचा, दुसरा सासूबाईंचा. माग गेल्यावर त्यांच्यावर पत्रे टाकलेले होते. भरणी करून वर फरशी टाकायची हे इतकं उघड होतं की मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

मुरमाचा ट्रॅक्टर आला, सासऱ्यांचा खड्डा भरला, आणि गडी दुसऱ्याकडे वळले तेव्हा सासूबाई जिन्यातून खाली उतरल्या. खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "वद्दु." म्हणजे नको. मिस्त्रीला वाटलं त्या गंमत करतायत. मी म्हटलं, अम्मा, आई पडेल त्यात. त्या जागच्या हलल्या नाहीत. मी पुन्हा सांगितलं, खोलीच्या मधोमध भोक ठेवून कुणी घर करतं का. माझा आवाज चढला होता.

"मधी नाही, भिंतीकडं आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही लेकरं पोटात होती तेव्हा हितं पाय सोडून बसले मी. नंतर ह्याची झोळी हितंच बांधलेली. एवढं एक ठेवा की."

ह्याची म्हणजे माझ्या नवऱ्याची. तो वाकून खड्ड्यात बघायला लागला. मी हट्ट सोडला, पण मनातून धुसफुसत होते. माझ्या नीट आखलेल्या खोलीत एक खड्डा राहणार होता. शेवटी तोड निघाली. आतून सिमेंटचा हात मारायचा, तळाशी उतरायला होती ती दगडी पायरी तशीच ठेवायची आणि वर जमिनीच्या बरोबरीनं सागवानी फळीचं झाकण बसवायचं. झाकण एकसंध केलं तर बाईमाणसाला उचलणार नाही म्हणून सुतारानं दोन तुकड्यांत केलं. भरणीचे पैसे वाचले नि झाकणात गेले.

काम पुरं झालं. आम्ही दोघांनी रंग लावला, तो दोन ठिकाणी ओघळला आहे. नवरा आईला आणायला वेळापूरला गेला आणि गाडी मुद्दाम मागच्या बोळात लावली. आई उतरली. नव्या दाराकडं बराच वेळ बघत राहिली. नवऱ्यानं तिच्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाला, आई, ही तुमची, दुसरी किल्ली कुणाकडं नाही. तिनं चौकटीला हात लावून नमस्कार केला आणि कुलूप स्वतः उघडलं. मी आत उभी राहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बोळातच थांबले होते. माझे डोळे भरून आले होते. काठवट आणली नव्हती ते मी आधीच बघितलं होतं, पण म्हटलं, होईल हळूहळू.

तसं काही झालं नाही. ग्रॅनाइटचा ओटा आईला नवा प्रश्न होऊन बसला. उभी राहिली की पाच मिनिटांत गुडघे भरून यायचे. प्लॅस्टिकची खुर्ची दिली तर ओटा तिच्या छातीशी यायचा. भाकरी थापायला अंगाचा भार हातावर यावा लागतो, तो खुर्चीतून येईना. पहिल्या दिवशी भाकरी फाटली. दुसऱ्या दिवशी तिनं भात लावला. तिसऱ्या दिवसापासून मी वरून डबा पाठवायला लागले आणि ती तो निमूट खायची. म्हणजे दार तिचं, किल्ली तिची, पण जेवण लेकीच्या घरचं. पुन्हा पाहुणीच. मी ओट्याची उंची कमी करता येईल का म्हणून मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, ग्रॅनाइट फुटेल. माझ्याकडं आता रिकरिंगही नव्हतं नि भिशीही.

आठवडा होत आला तेव्हा ती म्हणाली, "शुक्रवारी सकाळच्या एसटीनं जाते मी. खोली लई चांगली केलीस. माझंच न्हाय जमत." माझी समजूत घालत होती ती. मला तिचा राग येत नव्हता, फक्त वाईट वाटत होतं. एवढं सगळं तिच्यासाठी केलं होतं आणि ते तिला हवं तसं झालं नव्हतं.

गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघाले, तिच्यासोबत संध्याकाळ घालवावी म्हणून. जिन्यात आले तर खालून दोघींचे आवाज. सासूबाईंचं मराठी आणि आईचं मराठी यांचं फारसं जमत नाही, पण दोघी बोलत होत्या. मी जिन्याच्या दारातच थांबले. सासूबाईंनी झाकणाची अर्धी फळी काढून बाजूला ठेवली होती आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. माग कसा चालायचा ते दाखवत होत्या. हात इकडून तिकडं जात होते, आणि आत पाय खरोखर हलत होते, एक खाली, एक वर. समोर उरलेली अर्धी फळी, तिच्यावर नसलेलं कापड. आई खाटेवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

मग आईचं हसणं थांबलं. ती त्यांच्या पायांकडं बघत राहिली. "विहीणबाई, सरका बरं," म्हणाली. सासूबाई भिंतीला धरून वर आल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले, आईनं पाय दगडी पायरीवर टेकवला आणि हळूच काठावर बसली. गुडघे वाकले, पण दुमडले नाहीत. पाय आत मोकळे लोंबत होते. समोरची फळी बरोबर तिच्या हाताखाली, जमिनीच्या पातळीवर. तिनं तळहात फळीवर ठेवून अंगाचा भार दिला. पुन्हा एकदा दिला. वेळापूरच्या पडवीत ती अशीच बसते, हे मी जन्मभर बघितलं होतं.

"हितं बसता येतंय की," ती म्हणाली. मग मला दारात बघून म्हणाली, "पीठ कुटं ठिवलंयस गं?"

मी वरून परात आणली, ज्वारीचं पीठ आणलं. वर हलवलेल्या कूलरच्या मागं लहान सिलेंडरची शेगडी पडलेली होती, ती पुसून तिच्या उजव्या हाताशी जमिनीवर ठेवली. ती लगेच कामाला लागली. पीठ मळताना तिचे खांदे हलत होते. भाकरी थापल्याचा आवाज त्या खोलीत घुमला. पहिली तव्यावर टम्म फुगली तेव्हा सासूबाई तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, त्याचा अर्थ मी आजवर विचारलेला नाही.

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. नवरा दुकानातून येताना भाकरीचा वास आला म्हणून बोळातून आला होता. स्वतःच्या घराचं दार वाजवून बाहेर उभा होता. "आई, येऊ का?" त्यानं विचारलं.

"या की," आई म्हणाली. पदर डोक्यावर घ्यायला तिचे हात रिकामे नव्हते. "बसा. गरम वाढते."

आम्ही तिघं शहाबादीवर मांडी घालून बसलो. पहिली भाकरी तिनं विहीणबाईंच्या ताटात टाकली, दुसरी जावयाच्या. शेंगाची चटणी, वर तेल, एक कांदा फोडलेला. मी दुसरी भाकरी नको म्हटलं तर म्हणाली, खा गुमान, माझ्या घरात लाजायचं न्हाय. इतक्या वर्षांत तिनं आमच्याकडं कुणाला असं दटावलं नव्हतं. मी ताट पुढं केलं.

जेवण झाल्यावर तिला खड्ड्यातून वर घेताना नवऱ्यानं भिंतीवर बोटानं खूण केली. इथं एक स्टीलचा दांडा बसवू, धरून उठायला, बाथरूमला लावतात तसा. मी म्हटलं, बजेट संपलंय. तो म्हणाला, दुकानातून ॲडव्हान्स घेईन. सासूबाईंनी फळी परत बसवायला उचलली तर आईनं त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या तशीच, सकाळी लागंल," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. पहिल्यांदाच ती त्याच्याशी सरळ, तोंडाकडं बघून बोलत होती. "जावईबापू, उद्या येष्टीवर सोडायचं ऱ्हाऊ द्या. रविवारी सवड झाली तर येळापूरला एवढं जाऊन या."

"काय आणायचं, आई?"

"काठवट," ती म्हणाली. "भिताडाला टेकून ठिवलीय. आन् येताना घराला नीट कुलूप लावा."